सामान्य वाचकाचा अभिप्राय : नाशिकच्या ग्रंथपेटीच्या निमित्ताने

सुशिक्षित घरात एखादे पुस्तक वाचून संपले म्हणजे त्याविषयी बहुधा दोनच उद्गार कानी पडतात. एक ‘छान आहे’ आणि दुसरा ‘काही विशेष नाही’. एवढे बोलणे झाले की पुस्तक फडताळात जाते व त्याबरोबर त्याचा विषयही संपतो. हीच मंडळी जेवावयास बसली म्हणजे आमटीत गूळ किती हवा होता, फोडणी कशी करपली, गेल्या खेपेचे तांदूळ याहून कसे बरे होते, याविषयी किती बारकाईने बोलतात! लुगडे घेताना काठ, पोत व रंग यांची चिकित्सा दुकानदाराला घाम फुटेपर्यंत चालते. अशी चोखंदळ माणसे पुस्तकापाशी येताच अकस्मात मुकी का व्हावी, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस पडलेला आहे.

याचे एक कारण उघड आहे. ग्रंथाविषयी मत देणे हे विद्वानांचे काम, आपण केवळ वाचावयाचे व गप्प बसावयाचे, अशी समजूत आमच्या घरांतून पूर्वापार चालत आली आहे. टीकाकारांविषयी आमच्या मनात अनादर नाही. ग्रंथाची परंपरा, त्याची भाषा, त्याचे गुणदोष हे सर्व तौलनिक दृष्टीने पाहणारा अभ्यासक हवाच. परंतु टीकाकाराने ग्रंथ वाचलेला असतो तो टीकेसाठी. दुपारची कामे आटोपल्यावर मिळालेल्या अर्ध्या तासात, पाळण्याची दोरी एका हाताने ओढीत जी गृहिणी दहा पाने वाचते, तिला त्या पुस्तकाने काय दिले हे टीकाकार सांगू शकत नाही. ते तिनेच सांगावयाचे असते. आणि ती जर बोलली नाही, तर ते कोणासही कधीच कळत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यास नाशिकइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच असेल. येथील सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1840 मधली, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही ते सतरा वर्षांनी वडील! आचार्य अत्रे यांच्या अध्यक्षतेखाली 1942 मध्ये येथे साहित्य संमेलन भरले. पुढे 2021 च्या डिसेंबरात चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय संमेलनही येथेच झाले व त्याचे अध्यक्षपद डॉ. जयंत नारळीकर या शास्त्रज्ञ लेखकाकडे होते. कुसुमाग्रजांनी तर हे गावच आपले मानले, आणि त्यांचा जन्मदिवस, 27 फेब्रुवारी, आज मराठी भाषेचा दिवस म्हणून साजरा होतो. अशा गावात वाचक नाहीत असे कोण म्हणेल? परंतु वाचनालयाच्या देवघेवीच्या वहीत पुस्तक कोणी केव्हा नेले व केव्हा परत केले एवढीच नोंद असावयाची. ते घरी कोणी कोणी वाचले, कोणत्या पानाशी सोडून दिले, कोणत्या प्रकरणावरून सासू-सुनेचा वाद झाला, याला त्या वहीत रकाना नाही.

याच नाशिकात 2009 मध्ये एक नवीन उपक्रम सुरू झाला. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने श्री. विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या नावाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या घरी पोचविण्यास आरंभ केला. योजना अगदी साधी आहे. पेटीत निरनिराळ्या विषयांची निवडक पुस्तके घालावयाची व ती शेजारपाजारच्या वाचकांच्या एका गटाकडे सोपवावयाची. गटातील मंडळींनी ती आळीपाळीने वाचावी व ठराविक मुदतीनंतर आपली पेटी दुसऱ्या गटास देऊन त्याची आपण घ्यावी. वाचकास यासाठी काही वर्गणी पडत नाही. वाढदिवस किंवा आप्तेष्टांची स्मृती अशा निमित्तांनी लोक देणग्या देतात व त्यातून नव्या पेट्या तयार होतात. पाहता पाहता या पेट्या नाशिकची वेस ओलांडून महाराष्ट्रभर गेल्या, तुरुंगांतील बंदिवानांपर्यंत गेल्या, आणि दुबईसारख्या दूरच्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दिवाणखान्यातही जाऊन बसल्या.

पेटीची कल्पना आपल्याकडे अगदीच नवी आहे असे मात्र नव्हे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून घेतले, आणि पुढच्याच वर्षापासून बडोदे संस्थानातील खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जाऊ लागली. त्या पेट्यांचा हेतू पुस्तक नसलेल्या गावी पुस्तक नेण्याचा होता. नाशिकच्या पेटीचे तेवढेच काम नाही. ज्या घरात पुस्तके आहेत, पण वाचन ठराविक चाकोरीत फिरते, त्या घरासही तिचा मोठा उपयोग होतो.

हे कसे ते पाहा. वाचनालयात जाणारा मनुष्य आपल्या आवडीचे पुस्तक मागतो. ऐतिहासिक कादंबरीचा भोक्ता दुसरी ऐतिहासिक कादंबरी मागतो, अध्यात्माचा वाचक अध्यात्म मागतो. पेटीतील पुस्तके मात्र आपण निवडलेली नसतात. तीत आत्मचरित्राशेजारी विज्ञानकथा असते, पाकशास्त्राला टेकून दलित लेखकाचा कथासंग्रह उभा असतो. जे पुस्तक आपण जन्मात मागितले नसते ते आयतेच हाती येते, आणि त्याविषयी तयार मत आपल्याजवळ नसल्यामुळे स्वतःचे मत बनविणे भाग पडते. डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे सांगितली, त्यांत प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा असे एक सूत्र आहे, तसेच प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा असेही एक आहे. पहिल्याकडे आमचे लक्ष असते. पेटी दुसऱ्याचीही काळजी वाहते.

याच धर्तीवर आम्ही आमच्या परिचयातील काही नाशिककर वाचकांस अशीच संमिश्र पुस्तके वाचून निर्भीड मत सांगण्याची विनंती केली. या मंडळींत कोणी साहित्यिक नाही. त्यांची नावे आम्ही बुद्ध्याच देत नाही, कारण नाव छापले जाणार म्हटले की माणूस जपून बोलू लागतो.

आरंभी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिले व 1935 मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा या गावचा त्यावर थोडा हक्क आहे. एका घरातील आजोबा म्हणाले, की या पुस्तकाविषयी मत ते काय द्यावयाचे? आईविषयी कोणी मत देते काय? हे बोलताना त्यांचा कंठ दाटून आला होता. त्यांचा सातवीतला नातू मात्र निराळेच बोलला. “फार रडवतात,” तो म्हणाला, “पण श्याम पोहायला जायला भितो आणि आई त्याला मारून बाहेर काढते, ती गोष्ट मला आवडली. ती नुसती लाड करणारी आई नाही.” आम्हांस या मुलाचे मत अनेक व्याख्यानांहून मोलाचे वाटले. आपण सर्वांनी मिळून या माउलीची केवळ अश्रूंची मूर्ती करून ठेवली आहे. तिच्यातील करारीपणा त्या मुलाने नेमका हेरला, कारण त्याला पुस्तकाविषयी कोणी आगाऊ काही सांगितले नव्हते. त्याच घरातील त्याच्या ताईने आणखी एक प्रश्न केला, की घरातील सारी सोशिकता आईच्याच वाट्याला का यावी? आजोबांना तो रुचला नाही, परंतु त्यांना त्याचे उत्तरही देता आले नाही.

दुसरे पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहावे हा चमत्कारच होय. पंचाहत्तरी उलटलेल्या एका काकूंनी आम्हांस सांगितले, की त्यांच्या माहेरी हे पुस्तक कपाटात असून मुलींना ते वाचू देत नसत. कारण रेव्हरंड टिळकांनी 1895 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आता या वयात काकूंनी ते प्रथमच वाचले. त्यांचे मत त्यांच्याच शब्दांत द्यावयास हवे : “मला वाटले होते यात धर्माचा वाद असेल. पण वडिलांच्या अतोनात सोवळ्याचे वर्णन वाचून मी एकटीच खदखदा हसले. आमच्या घरी असलेच एक वडीलधारे होते! आणि नवरा धर्म सोडून गेल्यावर त्या बाईचे काय झाले असेल हे वाचताना पुस्तक मिटून बसले. माणसाने धर्म बदलला एवढेच आम्हांला सांगितले होते. मागे घरात कोण राहिले होते, ते कोणी सांगितले नव्हते.” ज्या पुस्तकाची साठ वर्षे भीती घातली गेली, ते वाचून काकूंचा स्वधर्म तसूभरही ढळला नाही. फक्त एका बाईचे दुःख त्यांना कळले.

तिसरे पुस्तक स्वयंपाकघरातले, कमलाबाई ओगले यांची 1970 मध्ये निघालेली ‘रुचिरा’. पाककृतीच्या पुस्तकावर कसले आले मत, असे कोणी म्हणेल. परंतु सर्वांत चुरशीची चर्चा याच पुस्तकावर झाली. वाटी-चमच्याच्या प्रमाणामुळे नवख्या सुनेची केवढी सोय झाली हे एका सूनबाईंनी सांगितले. परगावी नोकरीनिमित्त एकटे राहणाऱ्या त्यांच्या दिरानेही त्यांना दुजोरा दिला. सासूबाई म्हणाल्या, “प्रमाण बरोबर आहे ग, पण डाळ जुनी की नवी, हे पुस्तकाला कसे कळणार?” दोघींचेही खरे आहे. एकीने पुस्तकाचा गुण सांगितला, दुसरीने सर्वच पुस्तकांची मर्यादा सांगितली.

‘मृत्युंजय’ ही शिवाजी सावंतांची 1967 मधील कादंबरी वाचली सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या गृहस्थांनी. एवढे जाड पुस्तक केव्हा वाचता, असे विचारता ते म्हणाले, की कथा एकाच्याच तोंडून नाही, कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन बोलतो, त्यामुळे मध्ये दोन दिवस खंड पडला तरी धागा सापडतो. कादंबरीच्या रचनेविषयी इतके व्यवहारी निरीक्षण आमच्या तरी वाचनात आलेले नाही. उलट एका निवृत्त वकिलांचा आक्षेप असा, की कादंबरी म्हणून ती उत्तम, परंतु घरातील मुले तीच महाभारत समजून चालतात. “कर्णाचे वकीलपत्र वाचले, आता फिर्यादीची बाजूही वाचा,” असे ते नातवंडांस सांगतात व मूळ भारताच्या भाषांतराकडे बोट दाखवितात.

डॉ. नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह एका गृहिणीने मुलासाठी म्हणून घेतला व स्वतःच आधी संपविला. त्यांचे म्हणणे असे, की यातील माणसे कित्येकदा एकमेकांस समजावून सांगण्यासाठीच बोलतात, घरातील माणसांसारखी बोलत नाहीत. तथापि कथा संपल्यावर रात्री गच्चीवर गेले असता आकाशाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले गेले. दोष आणि लाभ एकाच वाक्यात सांगणारे हे मत आम्ही समतोल मताचा नमुना म्हणून पुढे करू.

आता शेवटचे व सर्वांत अवघड पुस्तक. बाबुराव बागूल हे नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह 1963 मध्ये प्रसिद्ध झाला आणि मराठी कथेने तोवर न पाहिलेले जग त्याने पुढे आणले. ज्या घरात हे पुस्तक वाचावयास दिले ते घर मोठे, चार पिढ्यांचे, बहुतेक सर्व पदवीधर. तेथील वडील गृहस्थांनी दहा पाने वाचून पुस्तक बाजूस ठेवले व म्हणाले, “भाषा फार जहाल आहे. असले लेखन घरात कशाला?” सामान्यतः विषय येथेच संपावयाचा. परंतु बँकेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या नातसुनेने शांतपणे एवढेच विचारले, “आजोबा, त्या तरुणाला राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागली. भाषा जहाल असेल, पण हे खोटे आहे का?”

आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. पुढे आठ दिवसांनी त्यांनी पुस्तक स्वतः मागून घेतले व समग्र वाचले. नंतर त्यांनी एका चिठोऱ्यावर आपले मत लिहून दिले. त्याचा आशय असा, की ही भाषा मला आजही रुचत नाही आणि हे पुस्तक पुन्हा वाचावे असे वाटत नाही. परंतु आमच्या वाड्यातील खोल्या भाड्याने देताना मी चाळीस वर्षे प्रथम आडनाव विचारीत आलो, हे हा लेखक मला ठाऊक नसता जाणतो. पुस्तक खरे आहे.

या अभिप्रायापुढे आम्ही तरी नतमस्तक झालो. पुस्तक आवडणे आणि पुस्तक खरे वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विवेचन अनेकांनी केले असेल. परंतु वयाच्या त्या टप्प्यावर, स्वतःच्या घरातील लहानांसमक्ष, ते स्वतःस लावून दाखविणे सोपे नव्हे. आणि लक्षात घ्या, नातसुनेने तोंड उघडले नसते तर हे घडलेच नसते. तिने वादविवाद केला नाही, वडिलांचा मान राखला, परंतु मनातील प्रश्न गिळूनही टाकला नाही. आणि आजोबांनीही ‘कालची पोर’ म्हणून तिला उडवून लावले नाही. घरात मत मांडण्याची रीत असते ती अशी.

आमच्या एकत्र कुटुंबांत माया आहे, आधार आहे, परंतु एक उणीवही आहे. घरातील कर्त्या पुरुषाचे जे मत तेच घराचे मत होऊन बसते. वर्तमानपत्र कोणते, पंचांग कोणते, डॉक्टर कोणता, हे एकाने ठरवावे हे सोयीचे असेल. परंतु पुस्तक ही सर्वांनी मिळून एकाच तोंडाने खावयाची वस्तू नव्हे. व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपणच म्हणतो, आणि मग आठ माणसांच्या घरात एकच मत कसे निपजते? सात जण गप्प बसलेले असतात म्हणून! पुस्तकाविषयी गप्प बसण्याची सवय पुढे इतर गोष्टींतही मुरते. जी मुलगी कादंबरीविषयी ‘मला पटले नाही’ असे म्हणू शकत नाही, ती उद्या स्वतःच्या शिक्षणाविषयी, विवाहाविषयी ते कसे म्हणणार? उलट, जिला लहानपणापासून आपले मत कारणासह व नम्रतेने सांगण्याची सवय लागली, ती मोठ्या प्रसंगीही आक्रस्ताळेपणा न करता बोलेल.

म्हणून आमची आमच्या वाचकांस एक सूचना आहे. घरात पुस्तकांसाठी एक साधी वही ठेवावी. जो पुस्तक वाचील त्याने तीत चार-सहा ओळी लिहाव्या. ‘छान’, ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ या शब्दांस त्या वहीत मज्जाव असावा. काय आवडले, कोठे कंटाळा आला, कोणत्या गोष्टीशी मतभेद झाला आणि हे पुस्तक घरातील कोणास वाचावयास द्यावेसे वाटते, एवढे लिहिले म्हणजे पुरे. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर तेही प्रांजळपणे लिहावे. अर्धवट सोडणे हाही एक अभिप्रायच आहे, फक्त सोडण्याचे पान व कारण सांगितले पाहिजे. न वाचलेल्या पुस्तकाविषयी ऐकीव मत मात्र लिहू नये.

आणखी एक पथ्य. चर्चेस बसल्यावर प्रथम सर्वांत लहानाने बोलावे व वडिलांनी शेवटी. वडील आधी बोलले की लहानांच्या मनातील विचार जागच्या जागी विरून जातात, आणि मग ‘बाबा म्हणतात तसेच’ एवढेच उरते. वडिलांचा मान यात कमी होत नाही. सर्वांचे ऐकून घेऊन शेवटी बोलणाऱ्याचा शब्द अधिकच वजनदार होतो, हे सभेत अध्यक्षस्थानी बसलेल्या कोणासही ठाऊक आहे.

पुस्तके दारी आणून पोचविण्याचे काम दुसरे कोणी करू शकेल. वाचनालय करील, प्रतिष्ठान करील, एखादा दाता करील. परंतु पुस्तक घरात आल्यावर त्याविषयी खरे बोलणे हे घरातल्यांनाच करावे लागते. वर सांगितलेल्या घरांपैकी दोन घरांत अशी वही सुरूही झाली आहे. एकीच्या पहिल्या पानावर सातवीतल्या मुलाचे अक्षर आहे आणि त्याखाली, त्याच्याशी संपूर्ण मतभेद व्यक्त करणाऱ्या, त्याच्या आजोबांच्या सहा ओळी आहेत. आमच्या वाचकांनीही आपापल्या घरी असे पहिले पान लिहावे, अशी आमची विनंती आहे.